तात्या, तुमच्या बिलातल्या एका ओळीबद्दल

आदरणीय तात्या,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात नेऊन देणं सहज जमलं असतं. दांडिया बाजारातल्या तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून माझं घर चालत दहा मिनिटांवर आहे. पण चूक चारचौघांत झाली आहे. ती चारचौघांतच कबूल करायला हवी, म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे.

त्या रविवारी बडोद्यात आमचा सत्कार झाला. ओखा ते दीव, सौराष्ट्राच्या किनाऱ्याने चार दिवसांत जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर सायकल चालवल्याबद्दल आम्हा चौदा जणांना शाल-श्रीफळ मिळालं. देणगी देणाऱ्यांचे, टेंपोवाल्याचे, थेपले करून देणाऱ्या वहिनींचे, सगळ्यांचे आभार मानले गेले. तुम्ही तेव्हा बाहेर टेंपोतून सायकली उतरवून घेत होतात. आभारांची यादी मी केली होती आणि तिच्यात तुमचं नाव नव्हतं. घरी येऊन शाल कपाटात ठेवताना ते लक्षात आलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

आपली मोहीम कशासाठी होती हे वाचणाऱ्यांना सांगते. सोसायट्यांच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकली गोळा करायच्या, दुरुस्त करायच्या आणि बडोद्याच्या आसपासच्या खेड्यांत ज्या मुलींची शाळा लांब आहे त्यांना द्यायच्या. जुनी सायकल फुकट मिळते, पण टायर, ट्यूब, ब्रेक, चेन यांना पैसे लागतात. त्यासाठी ओळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे ठरावीक रक्कम घ्यायची, असं आम्ही ठरवलं होतं. निघायला दोन दिवस उरले असताना, सोबत येणार म्हणून ज्यांच्याशी ठरलं होतं त्या मेकॅनिकनी नकार कळवला. मी तुमच्या दुकानात आले तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "ओख्याहूनच निघणार ना?" आणि हो म्हणालात.

त्याच रात्री तुम्ही चौदाही सायकली बघितल्यात. कुणाचा ब्रेक कसा आहे ते नुसत्या बोटाने दाबून सांगितलंत आणि प्रत्येक चाकाच्या स्पोकची मापं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून घेतलीत. मला तेव्हा वाटलं होतं की यात उगाच वेळ जातो आहे. त्या पानाची किंमत मला माधवपूरला कळली.

पण त्याआधी पोरबंदर. पहिल्या दिवशी ओख्याहून द्वारकेपर्यंतचे तीसेक किलोमीटर मजेत गेले. मिठापूरची मिठागरं बघत, फोटो काढत. दुसऱ्या दिवशी द्वारका ते पोरबंदर शंभराच्या वर. सकाळभर वारा डावीकडून, जमिनीवरून. दुपारनंतर तो फिरला आणि समुद्रावरून उजव्या खांद्यावर आदळायला लागला. हर्षद गावाच्या पुढे तर हँडल सरळ धरणं हेच काम होऊन बसलं. रस्त्याच्या कडेला गांडा बावळ, त्याचे काटे डांबरावर पसरलेले. दिवसभरात सात पंक्चर निघाली. प्रत्येक वेळी तुम्ही ट्यूबला ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवत होतात. जिथे कापूस अडकेल तिथे काट्याचं टोक. "हे राहिलं तर दोन किलोमीटरवर परत बसाल," असं म्हणालात. एकही सायकल त्याच काट्यासाठी दुसऱ्यांदा बसली नाही.

पोरबंदरला धर्मशाळेत जेवून आम्ही आडवे झालो. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा दीड वाजला होता. अंगणातल्या दिव्याखाली तुम्ही एकटे बसला होतात. डाव्या हाताला पुसून झालेल्या चेनींची रांग, उजव्या हाताला राहिलेल्यांची. मी विचारलं, हे उद्या नाही का चालणार? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "खारी हवा रात्री झोपत नाही, ताई." मग मला शेजारी बसवून दाखवलंत. चेनीवर मीठ आणि वाटेतल्या दगडखाणींची पांढरी भुकटी मिळून कसा लगदा झाला होता तो. आधी गोडं पाणी, मग डिझेल आणि जुना ब्रश, मग कोरडं फडकं, आणि शेवटी प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब. वरचं तेल पुसूनही टाकायचं, नाहीतर धूळ धरते. चाकाच्या हबवर मात्र पाण्याची धार सोडायची नाही, आतलं ग्रीस निघून जातं. मी फडकं घेऊन बसायला लागले तर मला झोपायला पाठवलंत. दुसऱ्या दिवशी सोमनाथपर्यंत सव्वाशेहून जास्त किलोमीटर होते, आणि ते मला चालवायचे होते.

आणि नेमकी माझीच सायकल बसली. माधवपूरला रस्ता अगदी समुद्राला खेटून जातो. एका बाजूला नारळी, दुसऱ्या बाजूला लाटा. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथेच लागलं असं तिथले लोक मानतात. आपल्या विदर्भाची रुक्मिणी इथवर आली, असं काहीतरी मी मागच्या मुलीला सांगत होते. तेवढ्यात मागच्या चाकातून तड्‌ आवाज आला आणि रीम ब्रेकला घासायला लागली. चेनीच्या बाजूचा स्पोक तुटला होता. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुटायचा असतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच बाजूचा तुटतो, कारण मागच्या चाकात त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात.

मी मनाने टेंपोत बसलेही होते. उरलेले सत्तर-ऐंशी किलोमीटर माझ्या नावावर लागणार नाहीत, त्यांचे पैसे मागता येणार नाहीत, याचाच हिशेब डोक्यात चालू होता. तुम्ही ते कॅलेंडरचं पान काढलंत, माझ्या नावासमोरचं माप बघितलंत आणि पिशवीतून नेमका त्या लांबीचा स्पोक काढलात. फ्रीव्हील उतरवलंत, स्पोक ओवलात. मग सायकल उलटी ठेवून, फ्रेमला खडू टेकवून चाक फिरवलंत. रीमला खडूची रेघ उठेल तिथे चावीचा पाव वेढा. पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. असं चाकाचं आउट, म्हणजे फिरताना डगमगणं, निघेपर्यंत चाळीस मिनिटं. वाळूत गुडघे टेकून, भर उन्हात. त्या चाळीस मिनिटांत तुम्ही एकदाही "बसा टेंपोत" म्हणाला नाहीत. संध्याकाळी सोमनाथला पोहोचले ती सायकलवर बसून पोहोचले.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. चौथ्या दिवशी कोडीनारला तुम्ही टेंपो थांबवलात. आम्ही दीवच्या ओढीने हात हलवून पुढे निघून गेलो. नंतर टेंपोवाल्याकडून कळलं की तुमचे आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, आधी ओखामंडळात आणि नंतर कोडीनारला. ही दोन्ही ठिकाणं बडोदा संस्थानात होती हे मी शाळेपासून ऐकत आले आहे. पण तुमच्या घरातलं कुणी तिथे राहिलं होतं हे विचारायचं मला सुचलं नाही. "ओख्याहूनच निघणार ना?" या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला. तुम्ही जुन्या कचेरीचा पत्ता विचारत बाजारात फिरलात म्हणे. आम्ही चौदा जण तिथे अर्धा तास थांबलो असतो तर काहीही बिघडलं नसतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

बडोद्याला परतल्यावर तुम्ही बिल दिलंत, याबद्दलही मनापासून आभार. चांगल्या कामाच्या नावाखाली कारागिराची मजुरी बुडवायची, हे आपल्याकडे फार चालतं. आम्हीही मनातून तीच अपेक्षा धरून बसलो होतो. चार दिवस दुकान बंद, हाताखालच्या मुलाचा पगार चालू. हे तुम्ही स्वच्छ लिहिलंत आणि पैसे मोजून घेतलेत ते योग्यच झालं. सुटे भाग, पंक्चर, माधवपूरचं चाक, सगळं त्यात होतं. एक ओळ मात्र अशी होती: "पोरबंदर, चेन 14 नग". आणि त्यापुढे शून्य. मी विचारलं तर म्हणालात, "ते मला झोप येत नव्हती म्हणून केलं." तात्या, ते बिल मी जपून ठेवलं आहे.

जमलेल्या पैशांतून पहिल्या वीस सायकलींचं सामान येत्या आठवड्यात येईल. दुरुस्ती तुमच्याच दुकानात व्हावी आणि मजुरी तुम्ही सांगाल ती, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. तुमची स्पोकची चावी माधवपूरपासून माझ्या हँडलच्या पिशवीत राहिली आहे. गुरुवारी संध्याकाळी ती घेऊन येते. लगेच परत मागू नका. चाकाचं आउट कसं काढायचं ते आधी मला शिकवा, वीसातली दोन-चार चाकं तरी मी करीन.

तुमची,
चौदांतली एक
बडोदे