कागदातल्या चुकीपायी हापूस नष्ट होऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हापूसच्या निर्यातीचा विषय निघाला की बोलणे आयातशुल्क आणि विमानभाड्यावर येऊन थांबते. दोन्ही खर्च जड आहेतच, पण ते आधी कळतात, दरात धरता येतात. पलीकडच्या विमानतळावर माल अडला की मग हिशोबच उरत नाही.

मे २०२५ मध्ये अमेरिकेत तसेच झाले. नवी मुंबईत विकिरण (कीड मारण्यासाठी किरणांचा मारा) करून गेलेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा तिथे नाकारल्या गेल्या. कारण कीड नव्हते. ‘पीपीक्यू २०३’ या, प्रक्रिया झाल्याची नोंद असलेल्या अमेरिकी अर्जात त्रुटी असल्याचे सांगण्यात आले. माल परत न्या नाहीतर इथेच नष्ट करा, एवढीच मुभा मिळाली. पिकायला लागलेल्या फळावर पुन्हा विमानभाडे कोण घालणार? आंबा तिथेच नष्ट झाला.

प्रत्येक देशाची अट वेगळी आहे. अमेरिकेला किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) विकिरण लागते, कारण कोयीत दडलेला भुंगा बाहेरून दिसत नाही. जपानला ४७.५ अंशांची बाष्पप्रक्रिया (गरम वाफेची प्रक्रिया) २० मिनिटे हवी. युरोपसाठी फळमाशीवर उपाय म्हणून ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची पद्धत आहे. या पद्धतीत फळांची आकारवारी आधी केली नाही तर मोठ्या फळाच्या गाभ्यापर्यंत उष्णता उशिरा पोचते आणि लहान फळ भाजते. कोवळा काढलेला किंवा चीक लागलेला आंबा या प्रक्रियेत सालीवर काळवंडतो. म्हणून आंबा चौदा आणे (जवळजवळ पूर्ण) तयार झाल्यावर, सकाळच्या गारव्यात, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासह उतरवणे हीच निर्यातीची पहिली पायरी. साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा दोष) मात्र प्रक्रियेने जात नाही. तो झाडावरच धरतो.

फळमाशी सापडल्यामुळे युरोपने १ मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला होता. २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली ती तपासणी आणि प्रक्रिया कडक केल्यावर. बागेतली शिस्तही तितकीच लागते. फळमाशीला ओढणाऱ्या मिथिल युजेनॉलचे रक्षक सापळे फळ पक्व होण्याआधी टांगावेत, पडका आंबा रोज वेचून खोल पुरावा. एका बागायतदाराने सापळे लावले आणि शेजारच्या कलमांखाली सडा कुजत राहिला, तर माशी तिथून येतेच.

बागायतदाराने एवढे सगळे पाळल्यावर माल अर्जावर अडावा, हे आम्हाला मान्य नाही. विकिरणाच्या वेळी पेट्यांबरोबर डोसमापक ठेवलेले असतात. फळाला किती मात्रा मिळाली, हे त्यांच्या वाचनावरून सिद्ध होते. अमेरिकेचा निरीक्षक आपल्या केंद्रावर बसतो, त्याचा खर्चही आपल्याच बाजूने भरला जातो. मग वाचन, लॉट क्रमांक, पेट्यांची संख्या आणि अर्ज यांचा मेळ गाडी विमानतळाकडे निघण्यापूर्वीच दोन्ही बाजूंनी सही करून घालावा. तरीही चूक राहिली आणि वाचन बरोबर असेल, तर माल शीतगृहात ठेवून २४ तासांत कागद दुरुस्त करण्याची तरतूद करारात हवी.

अपेडा (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) आणि केंद्रीय कृषी मंत्रालयाने ही बोलणी मोहोर येण्याआधी उरकावीत. एप्रिलमध्ये पेट्या भरल्या जात असताना कोणालाच बोलायला वेळ नसतो.

आपले,
आंबा बागायतदार व पॅकिंग व्यावसायिक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग