आज्जीची कूस कोण बदलतंय, ते विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

सत्तरीच्या पुढच्यांच्या पाच लाखांच्या आयुष्मान कार्डाची चर्चा आमच्या खानापूर भागातपण चालू असते, पण ते कार्ड दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरचं. घरी आणल्यावर आज्जीला न्हाणीत न्यायचं, रात्री लघवीला उठवायचं हे कोण करणार, पोरं गोव्याला नाहीतर पुण्याला आणि घरात एकटी सून. कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा या म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे १२०० रुपये वय आणि उत्पन्न बघून मिळतात, माणूस अंथरुणाला खिळलाय का एकटा बाजार करून येतोय हे कोण बघतच नाही.

जपानमध्ये २००० सालापासून असल्या सांभाळण्यासाठी सरकारी विमा आहे. चाळिशीपासून हप्ता भरायचा, म्हातारपणी गरज पडली की अर्ज करायचा, मग माणूस घरी येऊन ७४ गोष्टी तपासतो. कूस बदलता येते का, नखं कापता येतात का, गोळ्या आपल्या आपण घेता येतात का, स्वतःचं नाव सांगता येतं का असले साधे प्रश्न. त्यावरून सांभाळायला रोज किती मिनिटं लागतील ते कॉम्प्युटर काढतो, मग डॉक्टरचं मत जोडून समिती गरजेच्या सात पायऱ्यांपैकी एक ठरवते, नाहीतर सरळ नाही म्हणते. जर्मनीत १९९५ पासून आहे, तिथं पहिल्यांदा शरीराच्या कामांवरच जास्त भर होता त्यामुळं हातपाय धड पण डोक्यातलं सगळं पुसलेली माणसं मागं पडायची, ते २०१७ ला पाच ग्रेड करून सुधारलं.

आमच्याकडं हे आलं तर मला भीती वेगळीच आहे. साहेब दारात आला की आज्जा टोपी घालून ताठ बसणार, "मला काय धाड भरलीय, सगळं माझं मी करतोय," आणि तसंच फॉर्मवर चढणार. उलट आजची तारीख कन्नडमधून विचारली तर जांबोटीकडची आज्जी गप्पच बसणार, की लिहिलं विस्मरण! म्हणून सांभाळणाऱ्या सुनेला बाजूला घेऊन विचारलंच पाहिजे, आणि विचारणारा मराठी बोलणारा पाहिजे. हे काम परत आशाताईंच्या गळ्यात फुकट मारू नका म्हणजे झालं, त्यांची आधीचीच कामं उरकत नाहीत.

बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की सीमाभागातल्या एखाद्या आमदारानं एवढं तरी विचारावं, की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची घरोघरी जाऊन नोंद एका तालुक्यात तरी कधी करणार.

– एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव