नागपूरजवळच्या वाडीच्या यार्डातल्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण चारचौघांत बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

मागच्या वर्षी एका दलालाच्या शब्दावर आम्ही जुना ट्रॅक्टर घेतला. नवा रंग, नवी सीट, "इंजिनाले हात लावाचं काम नाही" अशी खात्री. शेत माझ्या नावावर, पैसा माझ्या कापसाचा, पण मी काही विचारलं की तो उत्तर द्यायचा माझ्या दिरांकडे पाहून. ऐन मृगात इंजिन बसलं. त्यानं फोन उचलणं बंद केलं. सोयाबीनची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं झाली, तीही ओल उडाल्यावर. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून यंदा वाडीला जप्तीच्या ट्रॅक्टरांच्या लिलावात अनामत भरून उभी होते, तेव्हा पोटात गोळाच होता. एक चकचकीत लाल ट्रॅक्टर मनात भरला होता. तुम्ही दुसऱ्याच गिऱ्हाइकासोबत आला होता. जाता जाता थांबलात, इंजिनावर तळहात ठेवलात. "सकाळीच कोणीतरी गरम करून ठेवलं जी. थंड्यात उठत नसन." मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली, आणि दिरांकडे नाही, माझ्याकडे वळलात.

"ताई, हात पुढे करा."

माझ्या तळव्यावर ऑइलचे दोन थेंब टेकवले. "चोळून पाहा. रंग कसा दिसते?"

दुधाच्या चहासारखा. ऑइलमध्ये पाणी उतरलं होतं. गॅस्केट गेलं असेल, लायनरचे रबर गेले असतील, नाहीतर इंजिनाचा ब्लॉकच तडकलेला. इंजिन खोलल्याशिवाय खर्चाचा आकडा सांगता येत नाही, हे तुम्ही मलाच समजावलं. भाऊ, मागच्या वर्षीच्या ट्रॅक्टरचं ऑइल मिस्त्रीनं खाली काढलं तेव्हा ते याच रंगाचं होतं. घेताना ते मला कोणी दाखवलंच नव्हतं. "माझ्यावर भरोसा ठेवा" म्हणणारे खूप भेटले. हातावर ऑइल ठेवून "तुम्हीच पाहा" म्हणणारे तुम्ही पहिले.

मग तो कोपऱ्यातला उडालेल्या रंगाचा. तुमच्या गाडीची बॅटरी लावून थंडाच सुरू केलात, ऑइलचं झाकण काढून धूर मारतो का ते पाहिलंत, अवजार उचलायच्या लिफ्टवर माणूस उभा करून ती खाली बसते का तेही पाहिलंत. हिशेब माझ्याच वहीत लिहायला लावलात: मागचे दोन टायर 40 हजार, बॅटरी 6, क्लच 15, पंप-नोझल 10, वर न दिसणाऱ्या कामाला 10. "2,20,000 च्या वर हात उचलू नका." मला तो 2,05,000 ला सुटला. दुरुस्तीला 76 हजार लागले. कागदपत्रांचं यथावकाश झालं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही उभ्यानंच प्यायलात. ज्याला काही मिळवायचं नाही असा माणूस अनोळखी बाईसाठी अर्धा तास उन्हात उभा राहतो, हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई देवापुढे दिवा लावायला उठल्या.

यंदा पेरणी वेळेवर झाली. पोळ्याला कळमेश्वरकडे नक्की या. माझी मुलगी आता रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी डिपस्टिक काढते, ऑइल बोटावर चोळते आणि मला ओरडून सांगते, "आई, काळं आहे, काळंच आहे!"

तुमची,
कळमेश्वर तालुक्यातली ताई