ईसीजी नॉर्मल आला, पुढे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, सादर नमस्कार.

पत्राची हिंदी प्रत वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात, पाठवली आहे. हे मराठीत लिहिते आहे, कारण इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या घरांतही ते वाचलं जायला हवं.

मागणी एकच आहे. छातीत धडधडतंय, श्वास पुरत नाही म्हणून इमर्जन्सीत आलेल्या माणसाच्या तपासण्या ठीक निघाल्या, तर त्याला तसंच घरी पाठवू नये. हा पॅनिक अटॅक असू शकतो, हे डॉक्टरांनी तिथेच सांगावं आणि पुढे कुठे, कोणत्या वेळी दाखवायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यावं.

माझी भाची भंवरकुआंजवळ खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करते. एका रात्री तिचा फोन आला. दरदरून घाम, बोटं बधिर, आणि "मावशी, मी मरतेय" एवढंच बोलणं. हॉस्पिटलात नेलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं नीट निघालं. मग "कुछ नहीं है, टेंशन मत लो" म्हणून निरोप मिळाला. पुन्हा तसंच झालं तेव्हा दुसरं हॉस्पिटल, पुन्हा तेच उत्तर. घरात कुणी दृष्ट काढली, कुणी गॅसच्या गोळ्या दिल्या. हळूहळू तिने सिटी बस सोडली, मग लायब्ररी, मग क्लास. अटॅक ओसरतो, पण तो पुन्हा येईल ही धास्ती दिवसभर मानगुटीवर असते. त्या धास्तीवर उपचार आहेत, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

शेवटी एका मनोविकारतज्ज्ञांनी तिला समोर बसवून समजावलं. धोका नसतानाही शरीर धोक्याची तयारी करतं. ठोके वाढतात, श्वास भराभर होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मुंग्या येतात, गरगरतं. बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत हे शिगेला पोचतं आणि मग उतरू लागतं. थायरॉइडमुळेही अशी धडधड होऊ शकते, म्हणून तोही तपासून घेतला. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची सीबीटी ही पद्धत आणि गरज पडली तर औषधं, यांनी बहुतेकांना चांगला गुण येतो. झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्या मात्र मनाने घेत राहिलं तर त्यांची सवय लागते.

छातीत पहिल्यांदा दुखलं तर आधी हृदयच तपासायला हवं, घरी बसून निदान करू नये, हे मी वाचकांनाही कळकळीने सांगते. माझं म्हणणं त्या तपासणीच्या पुढच्या पाच मिनिटांबद्दल आहे.

सोय नाही असंही नाही. जिल्हा रुग्णालयांत शासनाने मनकक्ष, म्हणजे मानसिक आरोग्याचे सल्ला कक्ष, उघडले आहेत. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू आहे. मानसिक उपचार मिळणं हा 2017 च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. पण रात्री दोन वाजता इमर्जन्सीबाहेर बाकावर बसलेल्या मुलीला यातलं काय ठाऊक असतं? तो नंबर तिच्या चिठ्ठीवर शिक्क्याने उमटवता येईल. हॉस्टेलांच्या आणि कोचिंगच्या भिंतींवरही तो लागायला हवा.

प्रत्येक जिल्ह्याच्या सीएमएचओंना (मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांना) एवढं एक परिपत्रक आपण काढावं. खाजगी हॉस्पिटलांनाही ते लागू करावं. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहते आहे.

आपली,
इंदूरची एक निवृत्त शिक्षिका