तिकीट पुढे ढकललंय

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

तुमचं बॉस्टनहून परतीचं सोमवारचं तिकीट मी आणि दादाने मिळून 15 दिवस पुढे ढकललंय. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा नको म्हणाले असते, आणि त्यांच्यापुढे आमची दोघांची जीभ रेटली नसती. कवळ्याची शांतादुर्गेची जत्रा चुकणार, मला कळतंय. माघ पंचमीला बाबा घरी नाहीत असं वर्ष मला आठवत नाही.

पण बाबा, ऐका ना. रविवार रात्रीपासून बॉस्टनला दीड-दोन फूट बर्फ आणि ताशी 80 किलोमीटरचा वारा सांगितलाय. ईशान्येकडून येतो म्हणून त्याला तिथे नॉरईस्टर म्हणतात. 2021 च्या तौक्ते वादळात आपल्याकडे दिवे गेले, माड पडले, तरी दार उघडून अंगणात येता येत होतं. तिथे वारा बर्फ उडवायला लागला की समोरचा रस्ताच दिसत नाही. 1978 च्या फेब्रुवारीत बॉस्टनजवळ हमरस्त्यावर हजारो गाड्या बर्फात रुतून बसल्या होत्या. तुमचे दोन स्टेंट आणि आईचे गुडघे घेऊन तुम्ही विमानतळाच्या वाटेवर अडकलात तर मी इथून काय करू? आणि विमान सुटलंच नाही तर आईने रात्रभर खुर्चीवर बसायचं का?

घराची काळजी करू नका. मी परवापासून इथेच राहायला आलेय. पाडेली येऊन गेला, नारळ मोजून कोठीत ठेवलेत. सुपारी वाळत घातलीय, संध्याकाळी न विसरता आत घेते. देवांना रोज फुलं असतात. आई, तुझ्या अबोलीला खूप बहर आलाय.

काल सोप्यावर बसले होते, तेव्हा जत्रेचा रथ आठवला. तुमच्या खांद्यावर बसून मी खाजे खायची आणि गूळ तुमच्या केसांना चिकटायचा. घरी आल्यावर आई गरम पाण्याने तो सोडवत बसायची. एवढ्या गर्दीत तुम्ही मला एकदाही खाली उतर म्हणाला नाहीत.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. बाबा, फावड्याला हात लावायचा नाही. दादाला मदत म्हणूनसुद्धा नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात ओला बर्फ उचलायचा म्हणजे हृदयावर केवढा ताण! गोळ्या महिनाभराच्या आहेत ना, आजच मोजा. आई, दिवे गेले तर ऊब म्हणून धुपाटण्यात निखारे करून खोली बंद करू नकोस. निखाऱ्यांतून जो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, निघतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी बर्फाने बुजली तरी तेच होतं, ती दादा मोकळी करील. नळ थोडा थेंबथेंब सोडून ठेव, नाहीतर पाईपात पाणी गोठेल. पायमोजे काढायचे नाहीत. पेजेला तांदूळ आहेत, असं वहिनी म्हणाली.

बाबा, रागावला असाल तर माझ्यावर रागवा, दादाला बोलू नका. पहिला फोन मीच केला होता. पंचमीला तुमच्या नावाचा नारळ मी ठेवीन, रथ हलेल तेव्हा फोन लावून धरीन. तिथे कुठलीही वेळ असो, तुम्ही जागेच असाल.

आई, ओटीला कपाटातली हिरवी साडी नेऊ की नवी घेऊ, तेवढं फोनवर सांग.

तुमची,
बाय