शिंचूच्या हॉस्पिटलात माझ्या आईला जेवण आणून देणाऱ्या एल्डरला

प्रिय एल्डर,

तुझं आडनाव इथे मुद्दाम टाकत नाहीये. इंग्रजीत थँक्यूचा मेसेज तुला केव्हाच केलाय पण मनातलं त्यात काहीच उतरलं नाही, म्हणून हे मराठीत आणि असं सगळ्यांसमोर. तैवानमधल्या आपल्या लोकांनाही कळू दे, पांढरा शर्ट, काळी नेमप्लेट आणि डोक्यावर हेल्मेट घालून सायकलवर जोडीजोडीने फिरणारी ही पोरं कोण असतात ते. मॉर्मन या ख्रिश्चन चर्चचे हे तरुण धर्मप्रचारक, आणि त्यातल्या मुलग्यांना 'एल्डर' म्हणतात.

त्या सोमवारी माझा नवरा कामासाठी जपानला होता आणि आई आमच्या बिल्डिंगखाली, भर उन्हात, चक्कर येऊन खाली बसली. अजूनही ते आठवलं की हात थरथरतात माझे. मी आधी आपल्याच माणसांना फोन केले. "काही लागलं तर हक्काने सांगा" म्हणणारे, आमच्याकडे गणपतीला मोदक खाऊन गेलेले, कोणी मीटिंगमध्ये, कोणी "अगं ॲम्ब्युलन्सला फोन कर ना" म्हणून मोकळा. ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या चोवीस तासांच्या हेल्पलाइनवर नुसतं म्युझिक वाजत होतं. कंपनीने नेमलेला एजंट, ज्याचं कामच आम्हाला मदत करणं, त्याने संध्याकाळी मेसेज पाहिला. राग आहे मला, अजून आहे, लपवणार नाही.

आणि तुम्ही दोघं सिग्नलला थांबला होतात. त्या दिवशी टी-शर्टमध्ये, हँडलला किराण्याच्या पिशव्या. आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा टॅक्सीवाल्याशी एवढं फाडफाड चिनी बोलतो हे बघून मी तशातही चकित झाले. हॉस्पिटलमध्ये काय काय झालं ते सगळं लिहीत नाही, डॉक्टर इंग्रजी बोलायचे पण पाच मिनिटं येऊन जायचे, बाकी काउंटर, फॉर्म, नर्स सगळं चिनीत, आणि ते सगळं तू निभावलंस. सोडियम कमी झालं होतं, सलाइन लागलं.

पण मला लिहायचंय ते जेवणाबद्दल. चातुर्मास होता, आई कांदा-लसूण खात नाही, अंडं तर कधीच नाही. हॉस्पिटलचा ट्रे आला, तिने वास घेतला आणि गुपचूप बाजूला सारला. मला म्हणाली भूक नाही. इथे पेशंटजवळ घरचं नाहीतर पगारी माणूस थांबावं लागतं त्यामुळे मला तिला सोडून खाली जाता येईना, आणि एवढं करणाऱ्या परक्या पोरांना अजून जेवण आणायला सांगायची मला लाज वाटत होती. मी एक शब्द बोलले नव्हते. तूच विचारलंस, आजी जेवल्या का नाहीत? मी कारण सांगितलं तर तुझ्या चेहऱ्यावर "हे काय नवीन" असं काही आलं नाही, दोघं उठलात आणि सायकली घेऊन गेलात. तैवानमध्ये बौद्ध लोकांची शाकाहारी खानावळ असते, पाटीवर बहुतेक वेळा स्वस्तिक, आणि त्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे तुला माहीत होतं आणि मला इतकं राहूनही नव्हतं. तू कागदी डबा घेऊन आलास, गरम भात, टोफू, भोपळा, पालेभाजी, आणि आईच्या समोर उभं राहून एकेका पदार्थावर बोट ठेवून सांगत गेलास, यात लसूण नाही, यात अंडं नाही, मी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाच विचारलं. मी मराठीत सांगत होते पण आई तुझ्याकडेच बघत होती. मग ती जेवली. सगळं जेवली.

नंतर तुम्ही घरी आलात तेव्हा कळलं की सोमवार हा तुमचा आठवड्यातला एकमेव मोकळा दिवस, तोही संध्याकाळपर्यंतच. त्यातच कपडे धुवायचे, किराणा आणायचा, घरच्यांशी बोलायचं. 2019 च्या आधी तर घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा म्हणे, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. सकाळी साडेसहाला उठायचं, साथीदाराला सोडून कुठे जायचं नाही, सिनेमा नाही, गर्लफ्रेंड नाही, मुलांना दोन वर्षं आणि मुलींना दीड. देश आपण निवडायचा नाही, पत्र येईल तिकडे जायचं, आणि त्याचे महिन्याला 500 डॉलर आपण नाहीतर आपल्याच घरच्यांनी भरायचे! आई म्हणाली ही दोन वर्षांची वारीच की. तिने स्वतः आळंदीपासून पंढरपूरपर्यंत वारी केलीय, ती उगाच नाही म्हणत असं.

आणि घरात पुरुष माणूस नाही म्हणून तुम्ही दारातूनच औषधं देऊन गेलात, तेही लक्षात आहे. नवरा आल्यावर आत आलात तेव्हा चहा नको म्हणालात, कॉफीही नको, तर आईने मालवणहून आणलेल्या आगळाचं कोकम सरबत केलं आणि तू परत मागून प्यायलास. तिला किती आनंद झाला होता. धर्माचं तुम्ही स्वतःहून काही काढलं नाहीत. आईनेच विचारलं तुमचा देव कसा, तेव्हा सांगितलंत, आणि तिने विठ्ठल सांगितला तर तेवढंच मन लावून ऐकलंत. दिवसभर लोक तोंडावर दार लावतात तुमच्या, तरी दुसऱ्याच्या भुकेकडे लक्ष जातं, हे मला फार मोठं वाटतं रे. असा चांगुलपणा शिकवणारे आईवडील कुठल्याही धर्माचे असोत, त्यांना माझा नमस्कार.

तुझी बदली आता हुआलिएनला झालीय असं तुझ्या साथीदाराकडून कळलं. आई साताऱ्याला सुखरूप पोचली, सोडियम नॉर्मल आहे, सकाळी फिरायला जाते. दर फोनला विचारते तो पोरगा वेळेवर जेवतो ना, त्याच्या आईशी बोलतो ना. तुझ्या आईचा नंबर पाठव, तिला बोलायचंय, मध्ये मी बसते दोघींसाठी.

तुझी,
शिंचूची ताई