बूट काढून आत आलेल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला सोमवारी गेटवर नवा माणूस दिसला तेव्हा कळलं. एजन्सीवाल्यांची ही नेहमीचीच तऱ्हा, रात्री फोन आणि सकाळी दुसरी साइट. तुमच्याशी नीट बोलायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र. मुलीला वाचून दाखवायला सांगा, चष्मा शोधत बसू नका.

आमच्या बिलिंग काउंटरवरची दुपार तुम्ही रोज बघत होतात. डिस्चार्ज सगळ्यांना एकाच वेळी हवा, विम्याची मंजुरी अडकलेली, आणि ॲडव्हान्सची पावती हरवलेला नातेवाईक माझ्यावरच ओरडतोय. त्यातून पाच मिनिटं काढून मी जुन्या फायलींच्या खोलीत जायचे. ओढणी डोक्यावर घ्यायची, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायचं आणि सकाळपासून समोर आलेल्यांपैकी जे डोक्यातून जात नव्हते त्यांची नावं देवापुढे ठेवायची. एवढंच. घंटा नाही, मेणबत्ती नाही. खोलीची किल्ली तुमच्याकडे असायची. कशाला हवी, हे तुम्ही एकदाच विचारलंत. मी सांगितलं, तुम्ही ‘बरं’ म्हणालात, आणि विषय संपला.

तो ‘बरं’ माझ्यासाठी नवा होता. आधीच्या नोकरीत मी खुर्चीतच दोन मिनिटं डोळे मिटायचे, तर साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, ‘पगार कामाचा मिळतो, डुलक्यांचा नाही.’ हेच साहेब दिवसातून कितीदा खाली सिगारेट ओढायला जायचे ते लिफ्टमनला विचारा. शेजारच्या टेबलावरचे विचारायचे, ‘आम्हाला पण बाटवणार का?’ आणि मग खो खो हसायचे. आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘गोव्याच्या का?’ अहो, मी नगर जिल्ह्यातली, आमच्या तीन पिढ्या उसाच्या फडात गेल्या. आई खुरपताना दुपारी डोक्यावर पदर घेऊन बांधावर बसायची, तीच सवय माझ्यात उतरली.

आणि आमच्या लोकांनाही मी सोडणार नाही. चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं होतं की पहाटे उठून नीट प्रार्थना कर, कामाच्या मध्ये उरकलेली देवाला पोचत नाही. त्यांना बायबल माझ्याहून जास्त पाठ. मग येशूचा शिष्य पेत्र भर दुपारी गच्चीवर प्रार्थनेला गेला, खाली जेवण तयार होत होतं आणि त्याला भूक लागली होती, हे बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात काय उगाच लिहिलंय? नहेम्या तर राजाला द्राक्षारस देणारा प्यालेबरदार. राजा विचारतो, तुझं मागणं काय, आणि उत्तर तोंडातून निघायच्या आत तो स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करून मोकळा होतो. तिथे कुठली पहाट आणि कुठली खोली! काउंटरवर कुणी पावती तोंडावर भिरकावली की मीही तेच करते, डोळे उघडे ठेवून. पण येशूने खोलीत जाऊन दार लावून घ्यायलाही सांगितलंय, आणि नोकरदार माणसाला दार मिळणं फार कठीण. ते तुम्ही दिलंत.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी तुम्हाला जनरेटरचं जुनं रजिस्टर हवं होतं. तुमचे जाड काळे बूट जिन्यापासून ऐकू यायचे. ते दाराशी येऊन थांबले. मग बराच वेळ काहीच नाही, नुसती नाडी ओढल्याची सरसर. मी एक डोळा किलकिला उघडला. तुम्ही मोज्यांवर आत येत होतात, उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. एका हाताने रजिस्टर ओढलंत, दुसऱ्या हाताने वरचा गठ्ठा धरून ठेवलात, पडून आवाज नको म्हणून. आणि आलात तसेच मागे गेलात.

बायबलातल्या मोशेला झुडूप जळताना दिसत होतं, वर देवाने स्वतः सांगितलं की पायांतले जोडे काढ, ही पवित्र भूमी आहे. तुम्हाला ना झुडूप दिसलं, ना आवाज आला. दिसली ती बिलिंगवाली पोरगी आणि वाळवी लागलेल्या फायली. तरी तुम्ही खाली वाकून नाड्या सोडल्यात. त्यानंतर मी प्रार्थनेत काय म्हणाले ते मला आठवत नाही. रडायला आलं होतं, हे मात्र आठवतं.

तुमच्या गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी ड्यूटी संपताना ओठांत हरिपाठ. एकदा तुम्ही विचारलंत, ‘तुमच्यात अभंग असतात का हो?’ तेव्हा फोन वाजला आणि उत्तर अर्धवट राहिलं. असतात, काका. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पुढे आमच्या नगरला राहिले, आणि त्यांनी लिहिलेले अभंग आणि भजनं आम्ही अजून टाळ-पेटीवर म्हणतो. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगायचे.

सर्वधर्मसमभावाचे फलक आमच्या हॉस्पिटलच्या लॉबीतही आहेत, चांगले काचेचे. ते लावणाऱ्यांपैकी कुणी मला किल्ली दिली नव्हती. दुसऱ्याचा देव आपल्याला कळला नाही तरी त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला धक्का लागू द्यायचा नाही, एवढी समज असलेली माणसं बहुतेक वेळा गेटवर, पँट्रीत, लिफ्टमध्ये भेटतात. वरच्या मजल्यांवर कमी. हे माझं मत, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

नव्या माणसाकडून किल्ली मिळते. तो विचारतो फार, पण देतो. ‘आधीच्या काकांनी सांगून ठेवलंय’ म्हणाला. म्हणजे जाता जाता तेही करून गेलात.

नाताळात घरी यायचं, काकूंना घेऊन, सबब चालणार नाही. आमच्याकडे करंज्या, चकल्या, सगळा फराळ असतो. केकमध्ये अंडं असतं, तो तुम्हाला देणार नाही. बाकी सगळं तुमच्या माळेला चालेल असं वेगळ्या भांड्यात करायला आईला सांगून ठेवलंय. पत्ता मुलीच्या फोनवर पाठवते.

तुमची,
बिलिंगवाली